आधी खांदा, मग झूल

पत्र थोडक्यात असं: पुण्यातल्या एका सोसायटीच्या सांस्कृतिक समितीचं काम पाहणाऱ्या या वाचक. दोन विंग, सात मजले, एकूण ८४ घरं. गेल्या वर्षी १ मे रोजी, कामगार दिनाचं निमित्त साधून, त्यांनी सोसायटीसाठी राबणाऱ्या अकरा जणांचा सत्कार केला. पाच सुरक्षा रक्षक, जिने झाडणाऱ्या तीन ताई, एक माळीकाका आणि घरोघरचा कचरा नेणाऱ्या दोघी. संध्याकाळी सहाला मांडव, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं भाषण, सगळ्यांना वडा-चहा. हिशोब पत्रासोबत जोडला आहे. त्या लिहितात, "मनापासून केलं होतं, पण सत्कार घेणाऱ्यांचे चेहरे अवघडलेले होते. एक ताई तर फोटोच्या वेळी पदर पुढे ओढून उभ्या राहिल्या. यंदा त्यांना तारीख सांगायला गेले तर म्हणाल्या, 'ताई, त्यापेक्षा मला त्या दिवशी सुट्टी द्या.' मला लागलं. घरी बोलले तर हे म्हणाले, 'पगार देतो ना आपण? मग आभार कसले?' सासूबाई ओट्याशी होत्या. मागे न वळता म्हणाल्या, 'आधी घरात बघ.' आता सत्कार करावा की नाही? केला तर कसा?"

प्रिय वाचक,

त्या ताईंनी तुम्हाला नकार दिला असं मला वाटत नाही. आपल्याला काय हवंय ते त्यांनी सांगितलं, इतकंच. रोजच्या कामावरचं माणूस सोसायटीच्या पदाधिकाऱ्याशी इतकं सरळ क्वचितच बोलतं. तुमच्याशी बोलता येतं असं त्यांना वाटलं, तेव्हा लागलं असेल ते बाजूला ठेवा आणि ते वाक्य पुन्हा वाचा.

१ मे हा सुट्टीचा दिवस आहे. ८४ घरांतले नोकरदार त्या दिवशी घरी असतात, म्हणूनच तर तुम्ही ती तारीख धरलीत. शिकागोच्या १८८६ सालच्या ज्या संपाच्या आठवणीत हा दिवस पाळतात, त्याची मागणी होती आठ तासांच्या कामाची. आपल्या मुंबईत गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर. तुमच्या गेटवर पाळी किती तासांची आहे? आणि तुमच्या जिन्याला रविवार आहे का? ताई जो कामगार दिन मागतायत, तो दिनदर्शिकेत आधीच लाल रंगात छापलेला आहे.

वेळेचाही विचार करा. जिने झाडणाऱ्या बायका साधारण साडेसातला येतात, अकरापर्यंत उरकून पुढे घरकामांना जातात आणि तीन-चारला आपलं घर गाठतात. सहाचा सत्कार म्हणजे दुसऱ्यांदा बस किंवा रिक्षा, घरचा स्वयंपाक खोळंबलेला, आणि त्या फेरीचे पैसे कुणाच्याच हिशोबात नाहीत. रक्षकांची पाळी आठला बदलत असेल तर रात्रीच्या माणसानं दोन तास झोप मोडून यायचं आणि दिवसाच्यानं एक डोळा गेटवर ठेवून मांडवात बसायचं. मध्येच एखादं माणूस न विचारता आत शिरलं तर उद्या बोलणी त्यालाच. चेहरे अवघडले यात नवल नाही.

आता तुमचा हिशोब. मांडव, खुर्च्या आणि स्पीकर ८,५००. दोनशे माणसांचा वडा-चहा, माणशी ६० प्रमाणे १२,०००. फलक, पाहुण्यांचे गुच्छ २,५००. अकरा शाली आणि नारळ, प्रत्येकी ४५० प्रमाणे ४,९५०. एकूण २७,९५०. ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांच्या हातात यातले पाच हजारसुद्धा गेले नाहीत, आणि गेले तेही पुण्याच्या मे महिन्यात लोकरीच्या रूपानं. यात कुणाची लबाडी नाही. कार्यक्रम म्हटला की खर्च आपोआप प्रेक्षकांकडे वाहतो, तसा तो वाहिला.

इथे गावाकडची एक रीत सांगते. माणसाची बैलाशी बरोबरी करायची म्हणून नाही. कष्टाची जाण कशी दाखवावी याचा क्रम आपल्याकडे पोळ्यात फार नीट लावलेला आहे, म्हणून. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. मानेवर जिथे जू टेकतं, जिथली कातडी घट्टे पडून जाड झालेली असते, नेमक्या त्या जागी हळद आणि तूप चोळायचं. मग "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं. शिंगांना रंग, पाठीवर झूल, वाजतगाजत मिरवणूक हे सगळं दुसऱ्या दिवशी. आणि त्या दिवशी जू लावायचं नाही म्हणजे नाही.

तुमच्या सोहळ्यात झूल आली, खांदा राहून गेला. तेव्हा सत्कार करावा की नाही हा प्रश्न जरा थांबवू. या अकरा जणांचं जू नेमकं कुठे टेकतं, ते आधी बघू.

जिन्यापासून सुरुवात करा. पाणी कुठून भरतात? बऱ्याच इमारतींत सफाईसाठीचा नळ फक्त पार्किंगमध्ये असतो आणि बादली सातव्या मजल्यापर्यंत जाते. कधी कधी "लिफ्ट ओली होते" म्हणून लिफ्टबंदीही असते. गच्चीवर किंवा मधल्या एखाद्या मजल्यावर एक नळ काढून देणं हे प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. फरशी उकिडवं बसून पुसावी लागत असेल तर गुडघे आणि कंबर जाते. लांब दांड्याचा मॉप आणि पिळायची सोय असलेली चाकाची बादली प्रत्येक विंगला एक, एवढं पुरतं. हातमोजे मात्र दुकानात जाऊन डझनानं उचलू नका. "आणून दिले तरी घालत नाहीत" ही तक्रार सगळीकडे ऐकू येते, आणि कारण बहुतेकदा माप असतं. मोठे, जाड मोजे घातले की फडक्यावर पकड राहत नाही, आत घाम साचतो, हात खाजतो. प्रत्येकीच्या हाताच्या मापाचे, मनगटापुढे थोडे येणारे मोजे घ्या आणि फाटले की न विचारता नवे द्या. आणखी एक गोष्ट, ही कौतुकाची नाही, जिवाची आहे: संडास-बाथरूमचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत कधीही जाऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवा, ॲसिड शक्यतो बंदच करा.

गेटवर जा. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये दुपारी दोनला दहा मिनिटं बसून बघा, बाकी काही सांगायला नको. पंखा आहे का, प्यायचं पाणी आहे का, आणि सगळ्यात आधी, संडास कुठला वापरतात? तो रात्री कुलपात असतो का? बारा तासांच्या पाळीत जेवायला अर्धा तास सुटका कोण देतं? रक्षकांचा दुसरा भार दिसत नाही. डिलिव्हरीवाल्याला नोंद केल्याशिवाय आत सोडू नका हा नियम समिती करते आणि तो पाळला म्हणून शिव्या रक्षक खातो. "आमच्या माणसानं नियम पाळला, तो बरोबर होता" असं समितीनं सोसायटीच्या ग्रुपवर एकदा नावानिशी लिहिलं, तर त्याची किंमत शालीहून जास्त आहे.

कचरा नेणाऱ्या दोघींच्या बाबतीत भार तुमच्या ८४ डब्यांत आहे, आणि तो हलका करायला एक रुपया लागत नाही. ओला-सुका वेगळा करणं २०१६ च्या नियमांपासून सक्तीचं आहे, ते सगळ्यांना पाठ असतं. हात कापतात ते पुढच्या गोष्टींनी: फुटलेली काच, दाढीची पाती, इन्सुलिनच्या सुया. काच जाड कागदात गुंडाळून त्यावर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा. सुया आणि पाती जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावून वेगळी हातात द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. पुण्यात ही खूण कचरावेचक ओळखतात, पुडी उघडून बघावी लागत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. तो चिमूटभर तुकडा वेचता येत नाही. पिशवी विसळून वाळवा.

हे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. या बायकांची कमाई दोन ठिकाणांहून येते, घरटी मिळणारं शुल्क आणि सुका माल विकून मिळणारे पैसे. आमटी सांडलेला पुठ्ठा कोणी घेत नाही, कोरडा घेतात. ऑनलाइन सामानाचे कोरडे खोके सपाट करून त्यांच्या हातात देणं हे सरळ त्यांच्या मिळकतीत भर घालणं आहे. महिन्याचं शुल्क पाच तारखेच्या आत, पुन्हा पुन्हा बेल वाजवायला न लावता देणं हाही आभारच.

माळीकाकांना स्वतःलाच विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं, गळकी नळी आणि बोथट कात्री.

आता एक मुद्दा जरा कडक वाटेल. ही सगळी साधनं भेट म्हणून देऊ नका. रक्षकाचा रेनकोट रंगीत कागदात बांधून टाळ्यांच्या गजरात देणं शोभत नाही, कारण तो त्याच्या कामाचा भाग आहे आणि द्यायची जबाबदारी तुमची किंवा एजन्सीची आहे. हा खर्च देखभाल निधीतून करा. ८४ घरांचे एकदाच १२५ रुपये धरले तरी १०,५०० होतात. दोन मॉप-बादल्या, केबिनला भिंतीवरचा पंखा, मोजे आणि माळीकाकांची नळी-कात्री साधारण त्यात बसतं. पुढच्या वार्षिक सभेत अंदाजपत्रकात 'कर्मचारी कल्याण' असं वेगळं शीर्षच घालून घ्या, म्हणजे दरवर्षी वर्गणीसाठी दारोदार फिरावं लागणार नाही.

मग तुमचे ते २८,००० मोकळे राहतात. माझं मत विचाराल तर त्यातले २२,००० रोख, अकरा पाकिटांत दोन-दोन हजार. सगळ्यांना सारखे. रविवारी बदलीवर येणाऱ्या रक्षकालाही तेवढेच. प्रतवारी लावायची ही जागा नाही. उरलेल्यात या अकरा जणांच्या घरी एकेक डझन हापूस. मेच्या सुरुवातीला भाव जरा उतरलेले असतात, डझनाला पाचशे धरले तर ५,५०० होतात. पाच घरच्या पाच स्टीलच्या डब्यांपेक्षा आंबा घरात आनंदानं खाल्ला जातो. पैसे देणं कोरडं वाटतं, असं तुमच्या समितीत कोणीतरी म्हणेलच. ते ज्याला पैशांची नड नाही त्यालाच वाटतं. दोन हजारांत जूनची वह्या-पुस्तकं येतात, थकलेला हप्ता जातो, आणि कशावर खर्च करायचे हे त्यांचं ते ठरवतात. भेटवस्तूत ते आपण ठरवतो.

पाकीट देताना चार ठिकाणी गडबड होते. फोनवरून पैसे पाठवायचे ठरवलं तर नंबर कोणाच्या खात्याला जोडलाय ते विचारा. पुष्कळ बायकांच्या बाबतीत तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याला असतो आणि पैसे त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. रोख देणं बरं. लेखापरीक्षणासाठी पोहोच लागेल, पण ती मांडवात नको, ऑफिसात एकेकाला बोलावून, काय लिहिलंय ते वाचून दाखवून घ्या. रक्षक एजन्सीचे असतील तर पैसे एजन्सीमार्फत वाटू नका, पण पर्यवेक्षकाला आधी लेखी कळवा. रहिवाशांकडून पैसे घेतले म्हणून रक्षकाला कामावरून काढल्याची उदाहरणं असतात. आणि हे पैसे म्हणजे दिवाळीचा बोनस नव्हे. तो वेगळा, एका महिन्याच्या पगाराइतका, आणि वसुबारसेच्या निदान आठ दिवस आधी हातात पडायला हवा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मिळालेल्या बोनसात मुलांचे कपडे येत नाहीत.

रक्षकांसाठी पैशांखेरीज एक गोष्ट फार उपयोगाची आहे, सोसायटीच्या लेटरहेडवरचं पत्र. एजन्सी माणसं सतत इकडून तिकडे हलवते. नव्या ठिकाणी त्यांची जुनी कामगिरी कोणालाच ठाऊक नसते. पत्रात 'प्रामाणिक व होतकरू' असले गुळगुळीत शब्द नकोत. असं लिहा: "श्री. अमुक हे तमुक महिन्यापासून आमच्याकडे रात्रपाळीला आहेत. गेल्या जुलैत पार्किंगमध्ये पाणी चढू लागलं तेव्हा त्यांनी पहाटे तीनला दोन्ही विंगमधल्या लोकांना उठवून गाड्या हलवून घेतल्या. त्यांच्या नोंदवहीमुळे दोन वेळा आम्हाला चुकीच्या माणसाला आत सोडण्यापासून वाचता आलं." घटना अर्थात खरी घाला, तारीख घाला. एक प्रत त्यांना, एक एजन्सीला.

तोंडी कौतुकालाही हेच लागू आहे. साफसफाईची गंमत अशी की झालेलं काम दिसत नाही, राहिलेलं तेवढं दिसतं. त्यामुळे "तुमचं काम छान असतं" हे कानावरून जातं. "लिफ्टच्या दाराची खाच तुम्ही रोज साफ करता, म्हणून आपलं दार अडत नाही" हे लक्षात राहतं, कारण त्यात बघितल्याचा पुरावा आहे. "पावसाआधी गच्चीवरच्या पाइपची जाळी साफ केलीत, वरच्या मजल्यावर यंदा ओल आली नाही" हे वाक्य वरच्या मजल्यावरच्यांनी स्वतः म्हणावं, तुम्ही नाही.

मराठीत कौतुकाकडे थोडं संशयानं बघतात, आणि त्याला कारण आहे. "मावशी, तुमच्यासारखं कोणी करत नाही हो" याच्यापाठोपाठ "तेवढी गच्चीपण झाडून टाका ना" येतं, हा अनुभव सगळ्यांनाच असतो. म्हणून एक पथ्य: ज्या दिवशी कौतुक केलंत त्या दिवशी नवं काम सांगायचं नाही, आणि वाक्यात 'पण' आणायचा नाही. "तुम्ही आमच्या घरच्यासारख्या" हे वाक्य तर काही वर्षं बंदच ठेवा. ते सहसा पगारवाढीच्या जागी वापरलं जातं.

नावं शिका. "ए वॉचमन" नको, आणि उत्तरेकडून आलेल्या रक्षकाला आपल्याकडे ज्या सुरात 'भैया' म्हणतात तोही नको. नावापुढे भाऊ किंवा दादा लावलं की पुरे. नाव विचारा, आडनावाच्या मागे लागू नका. महाराष्ट्रात आडनावाची चौकशी कशाची चौकशी असते ते सफाईचं काम करणाऱ्या माणसाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. चहा देत असाल तर घरातल्याच कपातून. खिडकीत उपडा घातलेला वेगळा कप ज्या घरात आहे, त्या घरानं सत्कार समितीत यायची घाई करू नये.

फोटोचं: पदर का ओढला ते त्या ताईंना विचारायला जाऊ नका. कामाचं स्वरूप सोयरिकीत किंवा मुलांच्या शाळेत माहीत नसू शकतं, किंवा नुसतंच आवडत नसेल. गेल्या वर्षीचा फोटो ग्रुपवर आणि कुणाच्या स्टेटसवर असेल तर काढून टाका आणि त्यांना तेवढं सांगा.

याचा अर्थ जाहीर कौतुक कुणालाच नको असतं असा नाही. अकरा वर्षं एकाच गेटवर काढलेल्या रक्षकाला बायकोमुलांसमोर नाव पुकारलं जावं असं मनापासून वाटू शकतं, आणि ते त्याचं देणं आहे. म्हणून विचारा. विचारणारा माणूस त्यांच्या कामाचे दोष काढणारा नसावा, आणि प्रश्न असा हवा की 'नको' म्हणणं सोपं जाईल. "कार्यक्रमाला याल ना?" याला कोणीही "हो" म्हणेल. त्याऐवजी: "आम्ही दोन प्रकारे करतोय. काही जणांना ऑफिसात पाकीट देतोय, काही जणांचं नाव कार्यक्रमात घेतोय. तुम्हाला काय बरं पडेल?" ज्यांना हवं त्यांचा पाच मिनिटांचा सत्कार झेंडावंदनानंतर सकाळी आठच्या सुमारास करा. पाळी बदलते, दोन्ही पाळ्यांचे रक्षक एकत्र सापडतात, रात्रीचे लगेच घरी जाऊ शकतात. भाषण करायचंच असेल तर ज्या रहिवाशाचं काम झालं त्यानं दोन मिनिटं बोलावं.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. पगाराच्या जागी आभार देणं ही फसवणूकच असते, आणि त्या अर्थी ते बरोबर आहेत. तेव्हा पगाराचा भाग त्यांच्याकडेच सोपवा. एजन्सीच्या बिलात माणशी किती लावलेत आणि रक्षकाच्या हातात किती पडतात, जादा तासांचे पैसे कायद्याप्रमाणे दुप्पट दरानं मिळतात का, भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी विमा भरल्याची चलनं एजन्सी दर महिन्याला दाखवते का, एवढं त्यांनी तपासावं. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला रक्षक कर्मचारी विम्यात येतो, त्याच्या कुटुंबालाही उपचार मिळतात. पण पगारातून कपात होऊनही स्वतःचा विमा क्रमांकच ठाऊक नसलेले रक्षक पुष्कळ सापडतील. तो क्रमांक आणि ई-पेहचान कार्ड, म्हणजे या विम्याचं ओळखपत्र, प्रत्येकाच्या हातात पडलं, तर "पगार देतो ना" हे वाक्य त्यांना आत्तापेक्षा जास्त ठामपणे म्हणता येईल.

ज्यांच्या घरी धुणं-भांडी, केर-फरशी, पोळ्यांना ताई येतात त्या वाचकांसाठीही थोडं. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. त्याला चार दशकं उलटून गेली, तरी पगारी सुट्टीवर घासाघीस चालूच आहे. महिन्याच्या ठरलेल्या सुट्ट्या तोंडी न ठेवता दिनदर्शिकेवर लिहा, आणि तुम्ही गावाला गेलात तर ते दिवस त्यांच्या सुट्टीत धरू नका. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी होते आणि त्यासाठी काम देणाऱ्याचा दाखला लागतो. तो सही करून देणं, आधार आणि पासबुकाच्या प्रती काढून अर्ज भरायला सोबत बसणं, यात तुमची एक दुपार जाईल. शिळं अन्न आणि विटलेली साडी मात्र या हिशोबात धरू नका. हवी असेल तर द्या, पण आभार म्हणून नको.

आता सासूबाई. मला तुमच्या पत्रातलं "मागे न वळता" फार बोलकं वाटलं. त्यांच्या हातात बहुधा पोळी होती, वळायला सवड नव्हती.

घरच्या माणसाला "धन्यवाद" म्हटलं की आपल्याकडे ते परकं वाटतं, आणि त्या सबबीखाली आपण काहीच म्हणत नाही. पण मराठीत आभार न मानता कौतुक करायच्या वाटा आहेत. "आज आमटीत चिंचेऐवजी आमसूल होतं का?" हा प्रश्न विचारणाऱ्यानं चव घेऊन खाल्लंय हे आपोआप कळतं. "हाताला चव आहे" यापेक्षा "मिरचीचं लोणचं मला शिकवा, मोहरी किती आणि कधी फेसायची ते" हे जास्त पोचतं, मात्र मग खरंच वही घेऊन बसा. तव्यावरची गरम पोळी आठवड्यातून काही दिवस त्यांच्या ताटात आधी पडू दे, लाटणारं दुसरं कोणी असू दे. शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याला भाजीचा तळ येतो, हे घरात सगळ्यांना दिसतं आणि कुणी बोलत नाही.

आणि इथेही खांदा शोधा. तो बहुधा पोळ्या लाटण्यात नसतो. "उद्या भाजी काय?" हा प्रश्न रोज, वर्षभर, एकाच डोक्यात फिरतो, भार तिथे आहे. डाळ भिजत घालायची आठवण, दही विरजायची आठवण, गॅसचा नंबर लावायची आठवण. म्हणून "काही मदत करू का?" असं विचारू नका, त्यात काम सांगायचं काम पुन्हा त्यांच्यावरच येतं. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पूर्ण उचला, आणि त्यातली एक तुमच्या यजमानांनी उचलावी. पूर्ण म्हणजे काय करायचं ते ठरवणं, मंडईतून आणणं, निवडणं, चिरणं, शिजवणं आणि शेवटी ओटा पुसून फडकं वाळत घालणं. पुरुषांनी केलेल्या स्वयंपाकाला ओटा सहसा आठवत नाही. पहिले दोन-तीन आठवडे सासूबाई बाहेरून सूचना करतील, मीठ बघायला येतील. येऊ द्या. ज्या दिवशी त्या टीव्हीसमोरून उठणार नाहीत त्या दिवशी तुमचा सत्कार पोचला असं समजा.

राहता राहिली ती सुट्टी. तिन्ही ताईंना १ मेची पगारी सुट्टी आत्ताच लेखी द्या, अर्ज मागू नका. रक्षकांना एकदम सोडता येणार नाही, त्यांना त्या दिवसाचे दुप्पट पैसे किंवा त्याच आठवड्यात बदली सुट्टी, त्यांच्या पसंतीनं. कचरा त्या दिवशी गोळा होणार नसेल तर ओला कचरा घरात झाकून ठेवा, जिन्यात नको.

आणि जिना? तो त्या दिवशी तुम्हीच झाडा. प्रत्येक मजल्यावर एका विंगला सहा घरं आहेत, म्हणजे घरटी एक माणूस आलं तरी गर्दी होईल. सातव्या मजल्यापासून खाली या, खालून वर गेलात तर झाडलेल्यावर पुन्हा कचरा पडतो. आधी कोरडा झाडू. पायरी भिंतीला मिळते त्या कोपऱ्यात मोठा झाडू पोचत नाही, तिथे खराटा किंवा जुना ब्रश घ्या. पुसायचं पाणी दर दोन मजल्यांना बदला, नाहीतर चौथ्या मजल्यापासून तुम्ही नुसता चिखल सारवत असाल. लिफ्टच्या दाराची खाच विसरू नका. दोन विंग मिळून सकाळचे अकरा वाजतील, कंबर बोलायला लागेल.

२ मेला ताई आल्या की जिना कसा झालाय ते त्यांनाच विचारा. नावं ठेवतील. ठेवू द्या.